गाणं कुणाचं, सही कुठली?

मित्रहो, होस्टेलवर बीटल्सची गाणी लावतो, ती पॉल मॅकार्टनी आणि जॉन लेननची, बरोबर? मालकी मात्र वेगळीच! १९८५ मध्ये मायकल जॅक्सनने ती एटीव्ही कंपनी ४ कोटी ७५ लाख डॉलरला विकत घेतली. पुढे हक्क सोनीकडे गेले.

आता खरी गंमत. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यानुसार १९७८ पूर्वीच्या गाण्यांचे हक्क गीतकार-संगीतकाराला ५६ वर्षांनी नोटीस देऊन परत घेता येतात, त्यानंतर दिलेले ३५ वर्षांनी. करारात काही का लिहिलेलं असेना!

इंग्लंडच्या ड्युरान ड्युरान बँडने अशीच नोटीस दिली. डिसेंबर २०१६ मध्ये लंडनचं हायकोर्ट म्हणालं, करार इंग्लिश कायद्याखालचा, हक्क पूर्ण मुदतीसाठी दिलेले. नोटीस म्हणजेच करारभंग. सही केली तेव्हा ही पोरं जेमतेम विशीची, आपल्याएवढीच.

मॅकार्टनी सावध झाला. जानेवारी २०१७ मध्ये त्याने थेट न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला. त्याच वर्षी तडजोड झाली, अटी गुप्त. त्यामुळे अमेरिकेचा कायदा मोठा की इंग्लंडमधली सही, हे त्या कोर्टाने सांगितलंच नाही. आणि या कायद्याने हक्क परत मिळतात तेही फक्त अमेरिकेपुरते, असंच वर्षानुवर्षं मानलं गेलं.