न दिसणारे दुखणे

आमच्या मंडळीतील एक भगिनी १२ वर्षे शब्बाथ शाळेचा बालवर्ग घेत असत. पुढे त्या उशिरा येऊ लागल्या. कधी नुसता निरोपच येई. एका रविवारी त्या मुलांबरोबर हसतखेळत असत, तर पुढच्या रविवारी त्यांना खुर्चीवरून उठवत नसे. "बाईंचा उत्साह मावळला," असे आम्ही आपसांत बोललो. "दिसायला तर ठणठणीत आहेत!" असेही कोणी म्हणाले. वर्षभराने कळले की त्यांना आमवात झाला होता, आणि सकाळी वेणी घालण्यासही दुसऱ्याचा हात लागत होता. आम्हांस लाज वाटली. आपल्या मंडळीत असे कोणी असेल, तर त्यांस आपण समजून घ्यावे म्हणून हा पाठ.

१. दुखणी दोन, कारणे निराळी

आमवात हा दाहक संधिवाताचा एक प्रकार आहे. शरीराचे रक्षण करणारी शक्तीच यात चुकून सांध्यांच्या आतील अस्तरावर उलटते. बोटांचे व मनगटांचे सांधे, बहुधा दोन्ही हातांचे, सुजतात. सकाळी तास-तासभर आखडून राहतात. वेळीच उपचार न झाल्यास ते कायमचे वाकडे होतात.

फायब्रोमायाल्जिया या विकारात सांधे सुजत नाहीत व झिजतही नाहीत. रक्ताची तपासणी व एक्स-रे यांत बहुधा काही आढळत नाही. तरीही अंगभर महिनोन्‌महिने दुखते, झोपून उठले तरी थकवा जात नाही, साध्या गोष्टी आठवत नाहीत. येथे मज्जासंस्थाच वेदनेची वर्दी मोठी करून देते. रेडिओचा आवाज कोणी वाढवून ठेवावा, तसे हे असते. १९९० साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांनी असे ठरविले होते की, अंगावरील १८ ठरावीक जागांपैकी निदान ११ दाबून दुखल्या तर हा विकार समजावा. २०१० साली त्यांनी नवी रीत घातली : अंगाच्या किती भागांत दुखते, झोप व थकवा कसा आहे, हे रोग्यालाच विचारावे. तेव्हा तपासणीत सापडले नाही म्हणून दुखणे खोटे, असे आपणही म्हणू नये.

आमवाताच्या सुमारे पाच रोग्यांपैकी एकास हा दुसरा विकारही असतो. सूज उतरूनही अंग दुखत राहिले तर मनानेच गोळ्या वाढवू नयेत. डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

२. औषधाविषयी सावधगिरी

वेदनाशामक गोळीने आमवाताचे दुखणे दबते, रोग थांबत नाही. शिवाय अशा अनेक गोळ्या फार दिवस घेतल्यास जठरात व्रण होतात, मूत्रपिंडांसही अपाय होतो. रोग आवरणारी औषधे वेगळी. त्यांतील मेथोट्रेक्सेट हे या रोगासाठी आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते; चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर खूण करावी. गुण येण्यास काही आठवडे लागतात, आणि मधून मधून रक्त तपासावे लागते. गरोदरपणी हे औषध चालत नाही.

बाजारात मिळणाऱ्या निनावी पुड्यांपासून दूर राहावे. कित्येकदा त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. चार दिवस बरे वाटते. पुढे हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते. पुष्कळ दिवस घेत असल्यास एकाएकी बंद करणेही धोक्याचे, डॉक्टरांना दाखवावे.

फायब्रोमायाल्जियाला स्टेरॉइडचा उपयोग नाही. झोपेसाठी व वेदनेसाठी डॉक्टर काही औषधे देतात, पण मुख्य उपाय म्हणजे नियमित हालचाल. आरंभी पाच मिनिटेच चालावे आणि दर आठवड्याला थोडे थोडे वाढवावे.

३. शक्तीचा हिशेब

महिन्याचा पगार पहिल्याच आठवड्यात उडविला तर पुढे उसनवारी करावी लागते. शक्तीचेही तसेच आहे. बरे वाटले त्या दिवशी सारे घर धुऊन काढावे आणि नंतर तीन दिवस अंथरुणास खिळावे, हे टाळावे. काम वाटून घ्यावे, मध्ये विसावा घ्यावा. कणीक मळणे, भाजी चिरणे टेबलाशी बसून करावे. भांडे दोन्ही हातांनी उचलावे. आखडलेल्या सांध्यास गरम शेक व सुजून तापलेल्या सांध्यास थंड शेक बरा वाटतो. झोपेची वेळ ठरलेली असावी.

केपटाऊनचे शल्यविशारद ख्रिस्तियान बर्नार्ड हे मिशनमधील पाळकाचे पुत्र. १९५६ साली त्यांना आमवात असल्याचे कळले. त्यानंतर १९६७ साली त्यांनी मनुष्याच्या हृदयारोपणाची पहिली शस्त्रक्रिया केली. पण हातांच्या दुखण्यामुळे १९८३ साली त्यांना निवृत्त व्हावे लागले. आजारी माणूस काम करू शकतो, आणि त्यास थांबावेही लागते. दोन्ही गोष्टी आपण मान्य कराव्यात.

४. मंडळीचे कर्तव्य

ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. बोलू लागले तेव्हा त्यांनी त्याच्यावरच दोष ठेवला. "तुमचा विश्वास कमी पडला," असे दुखणाइतास सांगणारे आपण त्यांच्याच पंगतीस बसतो. पौलाने तीनदा विनंती करूनही त्याच्या शरीरातील काटा निघाला नाही. त्याचा विश्वास कमी होता असे कोण म्हणेल?

तेव्हा साध्या गोष्टी कराव्यात. उपासनेत पाठ टेकता येईल अशी खुर्ची ठेवावी. गीताच्या वेळी कोणी बसून राहिले तर वळून पाहू नये. "अजून बरे नाही का?" असे विचारण्याऐवजी "आज बाजारातून काय आणून देऊ?" असे विचारावे. प्रत्येक वर्गास दोन शिक्षक नेमावेत, म्हणजे एकास न येण्याची चोरी वाटणार नाही.

आमच्या त्या भगिनी आता दुसऱ्या एका शिक्षिकेबरोबर वर्ग घेतात. त्या बसून गोष्ट सांगतात, दुसरी मुलांना खेळविते. हे आम्हांस वर्षापूर्वीच सुचावयास हवे होते.

चर्चेसाठी प्रश्न

१. दुखणे दिसत नाही म्हणून आपण कोणाविषयी चुकीचे बोललो आहोत काय?
२. आपल्या उपासनामंदिरात दुखणाइतास कोणती अडचण होते? या महिन्यात ती कशी दूर करता येईल?
३. ईयोबाच्या मित्रांनी कोणती गोष्ट चांगली केली व कोणती वाईट?