इस्पितळाच्या विजेची नाडी

रक्तदाब मोजल्याशिवाय आम्ही डॉक्टर गोळी लिहीत नाही. इस्पितळाचे वीजबिल मात्र न वाचताच भरतो. डोंबिवलीच्या छोट्या नर्सिंग होमपासून कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयापर्यंत एक माप लागू पडते: दर खाटेमागे वर्षाला किती युनिट? केंद्राचा ऊर्जा दक्षता ब्युरोही रुग्णालयांना ऊर्जावापरावरून तारे देतो.

समजा, 30 खाटांना वर्षात 90,000 युनिट लागले. म्हणजे खाटेमागे 3,000. जनरेटरची वीज त्यात मिळवावी. निम्म्याच खाटा भरत असतील, तर भरलेल्या खाटेमागे हाच आकडा 6,000 होतो.

पुढची पायरी, रात्री दहाला आणि पहाटे सहाला मीटर वाचून वजाबाकी करणे. मी ती केली, तेव्हा आमच्या बंद ओपीडीतला एसी रात्रभर चालतो हे कळले!

मात्र काटकसर कुठे करू नये, हेही ध्यानात ठेवावे. लशींचा फ्रीज 2 ते 8 अंशांतच हवा. शस्त्रक्रियागृहात तासाला किमान 20 वेळा हवा गाळून फिरायला हवी. तिथली बचत रुग्णाच्या जिवावर बेतेल. सुरुवात दिवे, पाण्याचे पंप आणि गिझर यांपासून करावी. येत्या रविवारी जुनी बारा बिले काढून बसा.