खपली पोटाला सोसेल का?

प्रश्न : पोळी खाल्ली की पोट फुगतं. खपली गहू सोसतो म्हणतात. तोच सुरू करू का? – एक वाचक, माळशिरस

उत्तर : आधी तपासणी. सिलिअ‍ॅक आजार (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनानं आतड्याला इजा होणं) असेल, तर खपलीही वर्ज्यच. तिच्यातही ग्लुटेन असतं आणि कोंड्यासकट दळल्यानं ते जात नाही. सिलिअ‍ॅकसाठीची टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची. लोक नेमकं उलटं करतात : गहू महिनोन्‌महिने सोडतात, मग रक्त देतात आणि आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो.

सिलिअ‍ॅक नसेल, तर दोष बऱ्याचदा फ्रुक्टानचा निघतो. ही कर्बोदकं मोठ्या आतड्यात आंबतात, वायू धरतो. कांद्या-लसणातही ती असतात. पिठल्याबरोबर फोडलेल्या कांद्यानं काय होतं, तेही बघा. मैद्यापेक्षा कोंड्यासकटच्या पिठात फ्रुक्टान जास्त, म्हणून ‘कमी प्रक्रियेचा’ गहू काहींना जास्तच फुगवतो. तरी सिलिअ‍ॅक नसेल, तर खपली थोडी खाऊन बघायला हरकत नाही.

पोळीला पर्याय हवा असेल, तर ज्वारीत ग्लुटेन नाही आणि मंगळवेढ्याची मालदांडी तुमच्या जिल्ह्यातलीच. मात्र सिलिअ‍ॅक निघाला, तर गिरणीत गव्हाच्या दळणामागोमाग ज्वारी टाकू नका. दगडांत राहिलेलं गव्हाचं पीठ तुमच्या डब्यात येतं. घरगुती चक्की घेऊन ती फक्त ज्वारी-बाजरीला ठेवा.