ओळख नको, कागद बघा

शहापूर किंवा मुरबाडकडच्या कुठल्याही घरात रात्री-अपरात्री फोन येतो, ‘अमक्याला दारूच्या केसमध्ये धरलंय.’ घरात पहिला प्रश्न निघतो, ‘आपल्या ओळखीचं कोण आहे?’ मग सरपंचांना फोन, पक्षाच्या कार्यकर्त्याला फोन, कुणाच्या तरी साडूच्या भावाला फोन. माझ्या भाच्याला धरलं त्या रात्री आमच्या घरातही हेच चाललं होतं. त्याच्याबरोबर दवाखाना, पोलीस ठाणं, कोर्ट आणि आरटीओ करणं माझ्या वाट्याला आलं. त्यातून जे कळलं ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे. अशा वेळी माणसाला ओळख तारत नाही. पहिल्या दोन तासांत जे कागद तयार होतात तेच पुढे कामाला येतात. आणि त्याहून मोठी गोष्ट, हातातून वेळेवर काढून घेतलेली गाडीची किल्ली.

हळदीची रात्र होती. आमच्या भागात लग्नापेक्षा हळदीला गर्दी जास्त. डीजे, मटणाचं जेवण आणि मांडवामागे बाटल्या. भाचा मुरबाडकडून किन्हवलीमार्गे मोटारसायकलवर शहापूरला परत निघाला. नाकाबंदीत त्याला अडवलं, मशीनमध्ये फुंकायला लावलं. आकडा आला ७८. मी पोहोचलो तेव्हा तो एकच वाक्य परत परत म्हणत होता, “मामा, थोडीच घेतली होती. गाडी तर सरळ चालवत होतो.”

गाडी सरळ चालत होती की वाकडी, हे कायदा विचारत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल श्वासाच्या यंत्रात किंवा प्रयोगशाळेच्या तपासणीत दिसलं, की गुन्हा झाला. अपघात व्हायलाच हवा असं नाही. गाडी मोटारसायकल असो, पिकअप असो की ट्रॅक्टर, मर्यादा तीच. १ सप्टेंबर २०१९ पासून दंड वाढला आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार दंड, किंवा दोन्ही.

अनेकांना वाटतं, हेल्मेटसारखी पावती फाडली की विषय मिटला. तसं नाही. हा गुन्हा जागेवर तडजोडीने मिटवण्याच्या यादीतच नाही. तो कोर्टातच जातो. रस्त्यात कुणी ‘इथंच मिटवून टाकू’ म्हणालं, तर ते पैसे दंडाचे नसतात आणि केसही त्याने संपत नाही.

भाच्याची त्याच रात्री वैद्यकीय तपासणी झाली आणि जामीनही झाला, कारण हा गुन्हा जामीनपात्र आहे. पुढे कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. दहा हजार भरले. लायसन तीन महिन्यांसाठी निलंबित झालं. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ साली राज्यांना तसे निर्देश दिलेले आहेत. भाचा मुरबाडच्या एमआयडीसीत माल पोहोचवणारी गाडी चालवायचा. लायसन नाही म्हटल्यावर काम गेलं. दहा हजारांपेक्षा ते तीन महिने आमच्या बहिणीच्या घराला जड गेले.

त्याच नाकाबंदीत आणखी एका माणसाला बाजूला घेतलं होतं. टेम्पो ड्रायव्हर, नाशिकहून सलग गाडी चालवत आलेला. डोळे लाल, जीभ जड. त्याचा क्लीनर त्याला ओरडून सांगत होता, “फुंकू नका, केस होईल.” त्याने फुंकलं. शून्य आलं आणि तो निघून गेला. हे दृश्य मी लोकांना नेहमी सांगतो. जो प्यालेला नाही, त्याचा सगळ्यात भक्कम साक्षीदार म्हणजे ती चाचणी. तिच्यापासून पळणारा आपलाच साक्षीदार हाकलून देत असतो.

पहिल्या दोन तासांत काय बघायचं

गणवेशातल्या पोलिसाला किंवा मोटार वाहन खात्याच्या अधिकाऱ्याला संशयाचं वाजवी कारण असेल, तर तो श्वासाची चाचणी मागू शकतो. नकार देऊ नका. नकार दिला आणि संशय कायम असला तर अटक होऊ शकते, आणि कलम २०५ प्रमाणे सबळ कारण नसताना दिलेला नकार तुमच्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देतो. हुज्जत घालून सरकारी कामात अडथळ्याचा दुसरा गुन्हा ओढवून घेऊ नका.

फुंकल्यावर आकडा स्वतः वाचा. छापील चिठ्ठी मागा. तिच्यावर नाव, तारीख, वेळ आणि आकडा बरोबर आहे का ते बघा. नुकतंच माउथवॉश किंवा अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध घेतलं असेल तर लगेच सांगा. तोंडात राहिलेलं अल्कोहोल साधारण पंधरा मिनिटांत निघून जातं, म्हणून थांबून पुन्हा चाचणी घेण्याची विनंती करा. अटक झाली तर पोलीस ठाण्यात श्वासाची चाचणी देण्याची संधी मिळाली पाहिजे, असं कायदाच सांगतो.

अटकेची वेळ लिहून ठेवा. कलम २०२ प्रमाणे या गुन्ह्यात अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी दोन तासांच्या आत व्हावी लागते. ती झाली नाही तर त्याला कोठडीतून सोडावं लागतं. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. कोठडीतून सुटका म्हणजे केसमधून सुटका नव्हे. मात्र उशीर का झाला, हा प्रश्न वकील कोर्टात विचारू शकतो, आणि तो विचारायला वेळेची नोंद हाताशी लागते. रक्ताचा नमुना नोंदणीकृत डॉक्टरनेच घ्यायचा असतो. स्त्रीचा नमुना स्त्रीनेच, किंवा दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीत घ्यावा लागतो. नमुना कुणी घेतला, बाटली तुमच्यासमोर सील झाली का, लेबलावर नाव बरोबर आहे का, एवढं घरच्यांनी शांतपणे पाहून ठेवावं.

बचाव कशाला म्हणतात

वकिलाकडे गेलं की लोक विचारतात, ‘यातून काही पळवाट?’ बचाव म्हणजे पळवाट नव्हे. पोलिसांनी गुन्हा शंकेपलीकडे सिद्ध करायचा असतो, आणि त्यातलं जे सिद्ध होत नाही ते दाखवण्याचा हक्क आरोपीला आहे. गाडी खरंच तोच चालवत होता का, की मागे बसला होता? यंत्राची वेळच्या वेळी तपासणी झाल्याचा दाखला आहे का? नमुना घेतल्यापासून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कुणाकुणाच्या ताब्यात होता? अहवालावरचं नाव आणि तारीख जुळते का? हे रास्त प्रश्न आहेत.

नुसता तोंडाचा वास पुरेसा नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. बचूभाई हसनअली करयानी यांच्या १९७१च्या निकालात डॉक्टरांनी वास, तोल जाणं, विस्फारलेली बुबुळं अशा खुणांवरून नशेचा निष्कर्ष काढला होता. रक्ताची तपासणी नव्हती. तेवढ्यावर नशा सिद्ध झाली असं न्यायालयाने मानलं नाही.

पण पुराव्यात हात घालणं हा बचाव नव्हे, तो नवा गुन्हा आहे. १९ मे २०२४ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टर आणि मुलाचे आईवडीलही अटकेत गेले. मुलाला सोडवायची धडपड केल्याचा ज्यांच्यावर आरोप आहे, तेच गजाआड गेले. ‘ओळख आहे का’ या प्रश्नाचं टोक तिथे जाऊन पोहोचतं.

वकील परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते. आदिवासी, अनुसूचित जाती, स्त्रिया आणि कोठडीतला कुणीही माणूस यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७च्या कायद्याने दिला आहे. आमच्याकडच्या कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी वस्त्यांवर हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. आणि गुन्हा कबूल करण्याआधी वकिलाशी बोलाच. कबुली म्हणजे दोषी ठरणं, आणि पुढच्या वेळी तीच ‘पहिला गुन्हा’ म्हणून मोजली जाते.

अपघात झाला तर

इथून पुढे दहा हजारांची गोष्ट राहत नाही. मुंबई-नाशिक महामार्गावर वासिंदपासून कसाऱ्यापर्यंत रात्रभर कंटेनर धावतात, आणि त्याच रस्त्याच्या कडेने शिर्डीच्या पालख्या घेऊन माणसं पायी चाललेली असतात. सरळगाव, टोकावडे करत माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंधारात गुरं बसलेली असतात, पावसाळ्यात धुकं उतरलेलं असतं. कुणी मेलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि आपल्या कृत्याने माणूस मरू शकतो हे ठाऊक असूनही गाडी हाकली असं कोर्टाला दिसलं, तर कलम १०५ लागतं, सदोष मनुष्यवधाचं. मुंबईत कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ला फुटपाथवर झोपलेली सात माणसं गाडीखाली गेली. ॲलिस्टर परेरा या चालकाची त्याच प्रकारच्या, जुन्या भारतीय दंड संहितेतल्या कलमाखालची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कायम ठेवली.

अपघात झाला तर पळू नका. ११२ला, १०८ला फोन करा, जखमीला दवाखान्यात पोहोचवा. ते कायद्याने बंधनकारक आहे. विम्यावरही भिस्त ठेवू नका. जखमीला विमा कंपनीने भरपाई दिली तरी दारूमुळे अट मोडल्याचं सिद्ध करून ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. स्वतःच्या गाडीची भरपाई तर दुरापास्तच. पर्ल बेव्हरेजेसच्या २०२१च्या निकालात श्वासाची किंवा रक्ताची चाचणी नसतानाही, इतर परिस्थितीवरून चालक प्यालेला होता असं मानून सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीचा नकार योग्य ठरवला. फौजदारी केसमध्ये सुटाल, विम्यात अडकाल, असं होऊ शकतं.

किल्ली कुणाच्या हातात

भाच्याची केस संपल्यावर मी आमच्या भावकीत एक गोष्ट लावून धरली आहे. ज्याच्या घरी हळद, त्याने किल्ल्या सांभाळायच्या. हे नुसतं शहाणपण नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८८ प्रमाणे दारू पिऊन गाडी चालवायला जो चिथावणी देतो किंवा मदत करतो, त्यालाही तीच शिक्षा आहे. झिंगलेल्या माणसाच्या हातात आपल्या पिकअपची किल्ली देणाऱ्या मालकाने हे ध्यानात ठेवावं. रात्री उशिरा एसटी नसते, कसाऱ्याची शेवटची लोकल निघून गेलेली असते, हे मान्य. म्हणूनच सोय आधी करायची. पाहुण्यांना झोपायला चटया आणि दोन खोल्या, न पिणाऱ्या एकाची जीप ठरवलेली, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडे किल्ल्यांचा डबा. बाईने मागितलेली किल्ली आमच्याकडे सहसा कुणी नाकारत नाही.

झोप काढली म्हणजे उतरली, हाही भ्रम आहे. शंभर मिलिलिटर रक्तातलं अल्कोहोल ताशी साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतं. लिंबू, ताक, काळी कॉफी यांनी तो वेग वाढत नाही. रात्री एक वाजता दीडशेवर असलेला माणूस सकाळी सातला साठच्या आसपास असतो, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. पहाटे भेंडी-काकडी घेऊन कल्याणच्या मार्केटला निघणाऱ्या पिकअपवाल्यांनी हा हिशेब स्वतःशी मांडावा. गटारीला, ३१ डिसेंबरला, म्हशाच्या यात्रेला जाताना तर नक्कीच. आणि ज्याला रोजच लागते त्याला कोर्ट बरं करू शकत नाही. त्याच्या घरच्यांनी १४४४६ या व्यसनमुक्ती क्रमांकावर बोलावं.

येत्या सराईत ज्यांच्या घरी मांडव पडणार आहे त्यांनी जेवणाचा अंदाज काढतात त्याच दिवशी किल्ल्या कोण गोळा करणार त्याचं नाव ठरवावं. दोन तासांचे कागद, जामीन, वकील, तारखा, हे सगळं मी आता सांगू शकतो. पण ते सांगायची वेळ कुणाच्याही मामावर येऊ नये, म्हणून ते एक नाव आधी ठरवा.