माझ्यावाचून अडतं, हा मोठेपणा नव्हे

॥ श्रीगुरवे नमः ॥



गेल्या गुरुवारी आपण दासबोधातला अकराव्या दशकाचा दहावा समास वाचला. नाव 'निस्पृह वर्तणूक'. वाचन झाल्यावर एका ताईंनी विचारलं, "हे सगळं महंतांसाठी आहे. आम्ही ऑफिसात, कारखान्यात, दुकानात राबणारी माणसं. आमचा याच्याशी काय संबंध?"

प्रश्न रास्त आहे. आजचा अभ्यास त्यावरच.

*समर्थ काय सांगतात?*

या समासाच्या शेवटी समर्थांनी थोडक्यात फार मोठी गोष्ट सांगितली आहे. महंताने स्वतःसारखे आणखी महंत घडवावेत. त्यांच्यात युक्ती आणि बुद्धी भरावी, त्यांना जाणतं करावं आणि मग देशोदेशी विखरून टाकावं.

आता 'महंत' या शब्दाला घाबरू नका. चार माणसांचं काम ज्याच्या भरवशावर चालतं, तो आपल्या जागी महंतच. बँकेतला शाखाधिकारी, शाळेतल्या मुख्याध्यापिका, वर्कशॉपमधला सुपरवायझर, आणि घरात सगळ्यांचं बघणारी आईसुद्धा.

*माझीच चूक सांगतो*

मी बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. सीएनसीवर ॲल्युमिनियमचा एक जॉब चालायचा, बाहेरचा व्यास 100 मिलिमीटर. कटिंग झाल्यावर जॉब गरम असतो आणि गरम धातू फुगतो. एवढा जॉब 20 अंशांनी जरी गरम असला, तरी माप जवळजवळ 0.05 मिलिमीटरने जास्त दिसतं. म्हणजे गरम असताना बरोबर वाटलेला जॉब थंड झाल्यावर कमी भरतो. आणि कापलेला धातू काही परत चिकटवता येत नाही. जॉब थंड होऊ द्यायचा आणि मगच मोजायचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ते फक्त माझ्या डोक्यात होतं. कागदावर नाही आणि कुणाला सांगितलेलंही नाही.

आईच्या ऑपरेशनसाठी चार दिवस रजा घेतली. दवाखान्यात बसलोय आणि फोन सारखा वाजतोय. सर, टूल कुठलं लावू? सर, ऑफसेट किती देऊ? आईजवळ बसायचं सोडून मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत उत्तरं देत होतो. आणि खरं सांगतो, मनातून बरंही वाटत होतं. बघा, माझ्यावाचून पान हलत नाही!

परत आलो तर दोन शिफ्टचा माल बाद. ऑपरेटर मुलाने गरम जॉब मोजून पास केले होते. मी सगळ्यांसमोर त्याला फैलावर घेतलं. तो खाली मान घालून एवढंच म्हणाला, "सर, मी दोनदा विचारलं होतं तुम्हाला. तू बाजूला हो, मी करतो, असं म्हणालात."

त्या रात्री मला झोप लागली नाही. माल त्याच्या हातून बाद झाला, पण चूक माझी होती.

*हा उपदेश 'निस्पृह' समासातच का?*

दुसऱ्याला तयार करायला वेळ मिळत नाही, असं आपण म्हणतो. वेळ हे निमित्त असतं. आतली गोष्ट वेगळी असते. आपण लागतो, आपल्याला विचारलं जातं, याची गोडी लागलेली असते. ती गोडी म्हणजेच स्पृहा. पैशाची आणि मानाची स्पृहा आपल्याला लवकर ओळखू येते. पण 'माझ्यावाचून अडतं' ही स्पृहा कष्टाळूपणाचं सोंग घेऊन येते, म्हणून ती ओळखता येत नाही. ती सुटल्याशिवाय कुणी दुसऱ्याला मनापासून शिकवत नाही. एक खुबी कायम हातची राखतोच. म्हणून महंत घडवण्याची गोष्ट निस्पृहतेच्या समासात आली आहे, असं मला वाटतं.

*समर्थांनी स्वतः काय केलं?*

कल्याणस्वामींनी दासबोध लिहून घेतला, असं परंपरा सांगते. पण समर्थांनी त्यांना जन्मभर लेखनिक म्हणून जवळ ठेवलं नाही, डोमगावला मठ सांभाळायला पाठवलं. वेणाबाईंना मिरजेचा मठ दिला. त्या काळात एका स्त्रीच्या हाती मठ सोपवणं ही लहान गोष्ट नव्हती. उद्धवस्वामी टाकळीला, भीमस्वामी तर थेट तंजावरला. ही माणसं प्रत्येक गोष्ट विचारायला सज्जनगडावर येऊ शकत नव्हती. ती जाणती करूनच पाठवली होती, म्हणून समर्थांच्या पश्चातही परंपरा चालू राहिली.

*आपण काय करायचं? चार पायऱ्या*

1️⃣ *माणूस निवडा.* सगळ्यात हुशार नको, विचारणारा निवडा. जो "असं का?" म्हणतो, तो शिकतो.

2️⃣ *युक्तीबरोबर बुद्धीही द्या.* "थंड झाल्यावर मोज" ही युक्ती झाली. "गरम धातू फुगतो म्हणून" ही बुद्धी. कारण कळलं की माणूस नव्या कामातही अडत नाही.

3️⃣ *जाणता झाला का, ते पाहा.* "समजलं का?" असं विचारू नका. सगळे 'हो'च म्हणतात. त्याला म्हणा, "आता तू मला समजावून सांग." आणि काम करताना हात मागे बांधून उभे राहा. हे फार अवघड जातं, करून बघा.

4️⃣ *सोपवा आणि बाजूला व्हा.* चूक झाली तर चारचौघांत आपण जबाबदारी घ्यायची, त्याला एकांतात सांगायचं. काम चांगलं झालं तर चारचौघांत त्याचं नाव घ्यायचं.

मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्या मुलाची माफी मागितली. मग दोघांनी बसून प्रत्येक जॉबचा एकेक कागद तयार केला. माप काय, मोजायचं कधी, आणि का. आज तोच मुलगा दोन नव्या पोरांना शिकवतोय. मध्यंतरी मी आठवडाभर इंदूरला बहिणीकडे गेलो होतो. फोन एकदाही वाजला नाही. पहिल्या दिवशी जरा खटकलंच! दुसऱ्या दिवशी मात्र नामस्मरणाला बसलो, तेव्हा कितीतरी दिवसांनी मन जाग्यावर होतं.

*या आठवड्याचा अभ्यास*

🔸 फक्त तुम्हालाच येतं असं एक काम वहीत लिहा. ऑफिसचं किंवा घरचं, कुठलंही.
🔸 ते कुणाला शिकवणार, त्याचं नाव पुढे लिहा. घरात आई-ताईंच्या माथी असलेली कामंही यात धरा. गॅसचा नंबर लावणं, औषधांच्या वेळा, देवपूजेची तयारी.
🔸 येत्या गुरुवारपर्यंत ते काम त्याच्या हातून एकदा तरी करून घ्या, मध्ये न बोलता.
🔸 तेव्हा मनात काय आलं, तेही प्रामाणिकपणे लिहा. खरा अभ्यास तोच आहे.

मुलांनाही या चर्चेत घ्या. आपण सांगितलेलं ती विसरतील, पण आपण विश्वासाने सोपवलेलं काम विसरणार नाहीत.

पुढच्या गुरुवारी अकराव्या दशकाचा सहावा समास, 'महंतलक्षण'. सगळ्यांनी एकदा वाचून ठेवावा.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥ 🙏