खेळासाठीं यंत्र घेतांना : संगणक कीं कन्सोल?

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वीं आमच्या नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी आपल्या वडिलांसह माझ्या घरीं आला. वडील एका कापडाच्या पेढीवर हिशेबनीस आहेत. दोन वर्षें दरमहा थोडे थोडे बाजूस टाकून त्यांनीं सत्तर हजार रुपये जमविले होते. "सर, याला संगणक हवा आहे. अभ्यासाला उपयोगी पडेल असें म्हणतो. आपण सांगाल तो घेतों," असें ते म्हणाले. मीं मुलाकडे पाहिलें. त्याची दृष्टि जमिनीकडे होती. "कोणत्या अभ्यासासाठीं रे?" असें विचारतां तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग हळूच म्हणाला, "सर, खरें सांगायचें तर खेळांसाठीं हवा आहे. कन्सोल मागितला असता तर बाबांनीं नाहीं म्हटलें असतें."

वडिलांस वाईट वाटलें, हें त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलें. परंतु त्या एका खऱ्या वाक्यानें आमचा प्रश्न सोपा झाला. यंत्र कोणत्या कामासाठीं घ्यावयाचें हेंच जर लपवून ठेविलें, तर योग्य यंत्र निवडणार कसें? त्या संध्याकाळीं आम्ही कागद घेऊन बसलों. तेव्हां जें बोलणें झालें तें इतर विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांसहि उपयोगी पडेल, अशा समजुतीनें येथें मांडीत आहें.

१. दोन यंत्रांतील भेद

कन्सोल म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यास जोडून खेळ खेळण्यासाठींच बनविलेलें यंत्र. घरगुती कन्सोलाचा आरंभ १९७२ सालीं अमेरिकेंत झाला. राल्फ बेअर या अभियंत्याच्या कल्पनेवरून बनलेलें 'मॅग्नाव्हॉक्स ओडिसी' हें त्या जातीचें पहिलें यंत्र होय. त्यांत प्रोसेसर नव्हता. पडद्यावर प्रकाशाचे ठिपके तेवढे हलत, आणि क्रीडांगण दाखविण्यासाठीं रंगीत पारदर्शक पत्रे पडद्यावर चिकटवावे लागत. 'ॲपल टू' सारखे घरगुती संगणक १९७७ सालीं बाजारांत आले. पुढें १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें आपला व्यक्तिगत संगणक काढला. त्याचे बहुतेक भाग बाजारांत कोणासहि मिळण्यासारखे होते. त्यामुळें त्याच्याशीं जुळणारे संगणक व सुटे भाग इतर कारखानदारांनाहि बनवितां येऊं लागले.

आज मात्र या दोन यंत्रांचें अंतरंग जवळजवळ एकच आहे. २०२० सालीं निघालेल्या सोनीच्या 'प्लेस्टेशन ५' मध्यें आठ कोअरचा प्रोसेसर व चित्रें रेखाटणारा भाग हीं दोन्ही एकाच चिपवर आहेत, आणि ती चिप एएमडी कंपनीची आहे. मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स सिरीज एक्स' ची गोष्टहि तशीच. हीच एएमडी कंपनी संगणकांचेहि प्रोसेसर बनविते. तात्पर्य, कन्सोल हाहि एक संगणकच होय. भेद इतकाच कीं, त्याचें दार बंद आहे. आंत कोणते भाग असावेत व त्यावर कोणते खेळ चालावेत हें कंपनी ठरविते. संगणकाचें दार उघडें आहे, आणि तेथें हा निर्णय आपणांस करावा लागतो.

बंद दाराचा लाभ असा कीं, एका जातीचीं सर्व यंत्रें सारखीं असतात आणि खेळ करणारे त्याच मापाला बेतून खेळ करितात. यंत्र घरीं आणावें, जोडावें व खेळावें. संगणकावर प्रत्येक खेळासाठीं किमान किती शक्तीचा प्रोसेसर, किती मेमरी व कोणतें ग्राफिक्स कार्ड लागेल, हें दिलेलें असतें. तें आपल्या यंत्राशीं ताडून पाहणें हें घेणाराचें काम. उलट, उघड्या दारामुळें जुना भाग काढून नवा बसवितां येतो, आणि खेळ संपल्यावर त्याच यंत्रावर निबंध लिहितां येतो.

२. किंमत व माझी चूक

भारतांत प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्यें आला. त्या वेळीं तबकडी चालणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये व तबकडीविना चालणाऱ्याची ३९,९९० रुपये होती. तितक्या रकमेंत तितक्या शक्तीचा नवा संगणक त्या दिवसांत मिळत नसे. याचें कारण व्यापाराच्या रीतींत आहे. कन्सोलाची कंपनी यंत्रावर अल्प नफा घेते, कधीं आरंभीं तोटाहि सोसते, आणि पुढें खेळांच्या विक्रींतील वांट्यानें व वर्गणीनें तो भरून काढते. संगणकाचे भाग बनविणारांस पुढील खेळांतून कांहीं मिळत नाहीं. त्यांस आपला नफा त्याच दिवशीं घ्यावा लागतो. म्हणून कन्सोल दारांत स्वस्त दिसतो, आणि त्याचा खर्च मागाहून हळूहळू येतो.

संगणकाचा खर्चहि मागाहून येऊं शकतो, हें मीं स्वतः अनुभविलें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या मुलानें खेळांसाठीं कन्सोल मागितला. 'संगणक म्हणजे ज्ञान आणि कन्सोल म्हणजे केवळ करमणूक' अशी माझी समजूत होती. कोणास न विचारतां मीं कन्सोलापेक्षां थोडा स्वस्त असा साधा संगणक आणला. त्यांत वेगळें ग्राफिक्स कार्ड नव्हतें, त्यामुळें मुलाला हवा असलेला खेळ त्यावर उघडलाहि नाहीं. मग कार्ड आणलें. तें बसवावयास गेलों, तों आंतील वीजपुरवठ्याची पेटी त्या कार्डाला अपुरी असल्याचें कळलें, ती बदलली. शेवटीं मेमरीहि वाढविली. हिशेब केला तेव्हां कन्सोलाच्या किंमतीहून अधिक रक्कम गेली होती. यांत दुकानदाराचा दोष नव्हता. मीं त्याला काय काम आहे हें सांगितलेंच नव्हतें. त्याहून अधिक लागलें तें असें कीं, त्या चार महिन्यांत मुलगा रोज शेजाऱ्यांकडे खेळावयास जात होता, आणि मी मात्र त्याला अभ्यासाचें यंत्र दिल्याच्या समाधानांत होतों.

३. वर्षानुवर्षांचा खर्च

म्हणून केवळ पावतीवरील आंकडा पाहूं नये. पुढील समीकरण वहींत उतरून घ्यावें :

एकूण खर्च = यंत्र व त्याचीं साधनें + (वार्षिक वर्गणी × वर्षें) + खेळांची किंमत + वीज − शेवटीं विकून येणारी रक्कम.

साधनांत पडदा धरावा. कन्सोलास घरचा टीव्ही चालतो; संगणकास मॉनिटर, कीबोर्ड व माउस लागतात. वर्गणीविषयीं असें कीं, प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर विकत घेतलेले बहुतेक खेळ इंटरनेटवरून इतरांशीं खेळावयाचे झाल्यास कंपनीची वर्गणी भरावी लागते. फुकट मिळणाऱ्या बहुतेक खेळांस ती लागत नाहीं. संगणकावर अशी सर्वसाधारण वर्गणी नाहीं. संगणकासाठीं खेळ विकणारीं दुकानें अनेक आहेत. त्यांतील 'स्टीम' २००३ पासून चालू आहे. दुकानांच्या चढाओढीमुळें जुने खेळ पुष्कळदां फार स्वस्त मिळतात. कन्सोलाच्या तबकडीचा लाभ निराळा : ती मित्रास उसनी देतां येते, खेळून झाल्यावर विकतांहि येते. तबकडीविना असलेलें स्वस्त यंत्र घेणारानें हा लाभ सोडला, हें ध्यानांत ठेवावें.

विजेचा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करावा. प्लेस्टेशन ५ मोठा खेळ चालवितांना सुमारें २०० वॉट वीज घेतो. म्हणजे पांच तासांस एक युनिट झालें. खेळाचा संगणक ४०० वॉट घेत असेल, तर अडीच तासांतच एक युनिट होईल. रोज एक तास खेळल्यास वर्षाचे युनिट किती, हें आपल्या बिलाच्या दरानें काढावें.

आयुष्याचाहि विचार करावा. सोनीचीं शेवटचीं तीन मुख्य यंत्रें २००६, २०१३ व २०२० सालीं निघालीं, म्हणजे दर सात वर्षांनीं एक. प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन ४ चे जवळजवळ सर्व खेळ चालतात, परंतु प्लेस्टेशन ३ च्या तबकड्या चालत नाहींत. संगणक एकदम जुना होत नाहीं. त्याचा एकेक भाग जुना होतो, आणि तो बदलण्याचा खर्चहि तुकड्यांनीं येतो.

कांहीं मुलें म्हणतात, "संगणकावर खेळ चोरून फुकट मिळतात." हें समीकरणांत धरूं नये. एक तर ती चोरी आहे. शिवाय अशा प्रतींबरोबर पुष्कळदां अपायकारक प्रोग्राम येतात, आणि ज्या संगणकावर वडिलांचे बँकेचे व्यवहार चालतात त्याच संगणकांत ते शिरतात.

४. कोणता खेळ, कोणते हात

सर्व खेळ सर्व यंत्रांवर मिळत नाहींत. निन्टेंडोचे मारिओ व झेल्डा यांचे मुख्य खेळ त्या कंपनीच्या यंत्रांसाठींच असतात. सोनीचा 'गॉड ऑफ वॉर' हा खेळ २०१८ सालीं प्लेस्टेशनवर आला व संगणकावर जानेवारी २०२२ मध्यें. आपल्या पुण्यांतील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळींनीं केलेला 'राजी' हा खेळहि ऑगस्ट २०२० मध्यें प्रथम निन्टेंडो स्विचवर निघाला, आणि ऑक्टोबरमध्यें संगणकावर व इतर कन्सोलांवर आला. म्हणून आधीं खेळांची यादी करावी, मग यंत्र पाहावें.

हातांचाहि प्रश्न आहे. फुटबॉल, मोटारींच्या शर्यती, एका बाकावर बसून दोघांतिघांनीं खेळावयाचे खेळ यांस हातांतील कंट्रोलर सोयीचा. सैन्ये हलविण्याचे, नगरें वसविण्याचे, नेमके टिपण्याचे खेळ यांस माउस व कीबोर्ड बरे. पडदाहि पाहावा. चित्रपटांत सेकंदास २४ चित्रें असतात. खेळांत बहुधा ३० किंवा ६०. शक्तिमान् संगणक सेकंदास १४४ चित्रें देऊं शकेल, परंतु पडदाच जर ६० दाखविणारा असेल तर वरच्या चित्रांवर झालेला खर्च वायां गेला.

संगणकाची एक गोष्ट मात्र मला विशेष मोलाची वाटते. कन्सोलावरचे खेळदेखील संगणकावरच बनतात. १९९९ सालीं मिन्ह ले व जेस क्लिफ या दोघां तरुणांनीं 'हाफ-लाइफ' या खेळांत बदल करून 'काउंटर-स्ट्राइक' नांवाचा नवा खेळ रचला, आणि तो जगभर पसरला. उघड्या दाराच्या यंत्रावरच हें शक्य झालें. परंतु ज्याला आंत डोकावण्याची हौस आहे त्यालाच याचा लाभ. केवळ खेळणारा मुलगा संगणक घरांत आल्यानें शोधक होत नाहीं, हें मी माझ्या घरीं पाहिलें आहे.

५. घरांतील जागा

कन्सोल बहुधा बैठकीच्या खोलींत, टीव्हीजवळ राहतो. मूल काय खेळतें, किती वेळ खेळतें हें सहज दिसतें. संगणक कोपऱ्यांत किंवा बंद खोलींत जातो. अभ्यास कोठें संपला व खेळ कोठें सुरू झाला हें बाहेरून कळत नाहीं. दोन्ही यंत्रांत मुलांसाठीं वेळेची मर्यादा घालण्याची सोय आहे. पालकांनीं ती पहिल्याच दिवशीं, मुलास सांगून, लावावी. खेळाच्या वेष्टनावर ३, ७, १२, १६ किंवा १८ असा आंकडा पुष्कळदां दिसतो. तो खेळ किती कठीण हें सांगत नाहीं. कोणत्या वयापासून पुढें तो योग्य हें सांगतो.

आतां त्या पितापुत्रांची हकीकत सांगतों. मुलानें हव्या असलेल्या खेळांची यादी लिहिली : फुटबॉल, मोटारींच्या शर्यती, आणि मित्रांबरोबर घरीं बसून खेळण्याचे एकदोन. ती वाचून मीं स्पष्ट सांगितलें कीं, केवळ खेळांचाच विचार केला तर त्याच्यासाठीं कन्सोलच योग्य. मग वडिलांनीं दुसरी यादी लिहिली. तींत पहिली ओळ अशी होती कीं, थोरली मुलगी येत्या वर्षीं महाविद्यालयांत जाणार आणि तिला लेखनासाठीं व प्रकल्पांसाठीं संगणक लागणार. दोन गरजा होत्या व रक्कम एकच होती. मुलगा दोन्ही कागद पुष्कळ वेळ पाहत बसला. मग म्हणाला, "बाबा, आधीं ताईसाठीं घेऊं. पण पेटी मोठी घेऊं, म्हणजे पुढें कार्ड बसेल."

त्याप्रमाणें त्यांनीं संगणक घेतला, आणि वीजपुरवठ्याची पेटी आरंभींच पुरेशी घेतली. तो बैठकीच्या खोलींत ठेविला आहे. सध्यां मुलगा त्यावर बुद्धिबळ व कांहीं हलके जुने खेळ खेळतो. कार्डासाठीं दरमहा किती शिल्लक टाकली याची वही वडिलांनीं त्याच्याच हातीं दिली आहे.

ज्या पालकांस असा हिशेब मांडावयाचा असेल त्यांनीं एखाद्या शनिवारीं शाळा सुटल्यावर मुलासह मजकडे यावें. येतांना खेळांची यादी व घरच्या गरजांची यादी अशा दोन्ही लिहून आणाव्या, आणि खेळांची यादी मुलानें स्वतःच्या हातानें लिहावी.