छात्राध्यापकाचा दुसरा पाठ

पाठाचे टाचण चोख काढणाऱ्या छात्राध्यापकाचाही भरलेल्या वर्गासमोर उभे राहताच आवाज बसतो. विषय येत नाही म्हणून असे घडते, असे क्वचितच म्हणता येईल. मुलाने अनपेक्षित उत्तर दिल्यास काय करावे, हे टाचणात लिहिलेले नसते.

ही धास्ती कमी करणारी सूक्ष्म अध्यापनाची पद्धत १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आकारास आली. भारतात रूढ झालेल्या आराखड्यानुसार तिचे एक चक्र ३६ मिनिटांचे असते. ६ मिनिटे पाठ, ६ मिनिटे प्रत्याभरण, १२ मिनिटे पुनर्नियोजन, नंतर ६ मिनिटे तोच पाठ पुन्हा व अखेरीस ६ मिनिटे प्रत्याभरण. सराव एका वेळी एकाच कौशल्याचा. प्रश्न विचारणे किंवा फलकलेखन. सर्वाधिक वेळ पुनर्नियोजनास दिलेला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. चूक दाखवून ती सुधारण्याची संधी नाकारली, तर भीती तेवढी वाढते.

तथापि विद्यार्थी होऊन बसलेले सहाध्यायी सोयीचीच उत्तरे देतात. २०१४ च्या राष्ट्रीय नियमावलीने बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा करून शालेय आंतरवासिता व क्षेत्रकार्यासाठी किमान २० आठवडे ठेवले, ते योग्यच झाले. या काळात मार्गदर्शक शिक्षकाने मुलांदेखत दुरुस्ती केली, तर पुढचा तास मुलेच चालवितात! तास संपल्यावर एकच मुद्दा सांगावा आणि तोच घटक दुसऱ्या तुकडीस लगेच शिकवू द्यावा. त्या वेळी टाचणाच्या समासात पहिल्या तुकडीने दिलेली चुकीची उत्तरे टिपलेली असावीत.